मराठीत सांगून बघ

तो जोक मी त्याआधी कितीतरी वेळा सांगितला होता आणि दर वेळी लोक हसले होते. त्या दिवशी पण हसले. घरात दहा-बारा माणसं जमलेली, टीव्ही चालू पण आवाज बंद, पडद्यावर कुणी निवृत्त जनरल नकाशावर लाल बाण काढून दाखवत होते, आणि आमच्यातलं कुणीतरी म्हणालं की एवढे सॅटेलाइट, एवढे ड्रोन असून यांना आधी कळलं कसं नाही? मी लगेच म्हणाले, अहो कळणार कसं, मिलिटरी इंटेलिजन्स हे मुळात कॉन्ट्रडिक्शन इन टर्म्स आहे. झालं, सगळे हसले. बाबा पण हसले, जरा उशिरा, बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले काका, ते नुसते थोडे हसल्यासारखे झाले आणि बाबांकडे बघत राहिले. काका तिथे आहेत हे मला माहीत होतं. ते कुठल्या कामातून रिटायर झाले तेही माहीत होतं. तरी मी बोलले, कारण मला वाटलं आपल्याच माणसाला काय वाईट वाटणार.

निघताना दारात एक हात भिंतीला टेकवून ते बूट घालत होते. वाकूनच, वर न बघता म्हणाले, "तुझा तो जोक एकदा मराठीत सांगून बघ." आवाजात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मागे लागलं. रागावले असते तर मी सॉरी म्हणून मोकळी झाले असते.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी खरंच प्रयत्न केला. "लष्करी बुद्धिमत्ता हा वदतोव्याघात आहे." वदतोव्याघात म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं, कॉन्ट्रडिक्शन इन टर्म्सला मराठी शब्द. पण हे म्हणजे शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. "लष्करी गुप्तवार्ता हा वदतोव्याघात आहे." याच्यावर तर कुणी हसणारच नाही, कारण त्यात व्याघात कुठाय? लष्कर असतं, त्याला गुप्त वार्ता लागते, संपलं. मग लक्षात आलं की इंग्रजीत हुशारीला आणि शत्रूच्या गोटातून काढून आणलेल्या बातमीला एकच शब्द आहे आणि सगळा जोक त्या एका शब्दावर उभा आहे. आपल्याकडे या दोन गोष्टी कधी एका नावाखाली आल्याच नाहीत. बातमी वेगळी, अक्कल वेगळी. आपल्याकडे खबर आहे, पाळत आहे, जासूद आहे, नजरबाज आहे, आणि हेर आहे. त्या हेरावरून माझी झोपच उडाली, कारण हेर म्हटलं की हेरणं आलं, आणि हेरणं म्हणजे नुसतं बघणं नाही. गर्दीत आपण ओळखीचा चेहरा हेरतो, वर्गात मास्तर नेमका अभ्यास न केलेला मुलगा हेरतात. डोळा आणि डोकं एकाच क्षणी चालतात तेव्हा त्याला हेरणं म्हणायचं. आणि नंतर सरकारी कागदांसाठी आपण जो शब्द घेतला तो गुप्तवार्ता, त्यात फक्त वार्ता आहे. मला तो शब्द आधी रुक्ष वाटायचा, आता प्रामाणिक वाटतो. तो एवढंच म्हणतो की बातमी आणून देतो, तिचा अर्थ लावायची जबाबदारी घेणाऱ्याची.

काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. सैन्यात होते. लहानपणी आम्हाला "वायरलेसमध्ये" एवढंच माहीत, आणि त्यापलीकडे त्यांनी आजही फारसं काही सांगितलेलं नाही. ते ऐकायचे. समोरच्या बाजूचे सेट काय बोलतात ते कानाला हेडफोन लावून रात्र रात्र ऐकायचं आणि लिहून काढायचं, हे त्यांचं आयुष्य. उजव्या कानात त्यांना अजून कायम एक बारीक शिट्टी ऐकू येते, म्हणून ते माणसांना नेहमी डावीकडे बसवतात. एकदा फक्त, मी कॉलेजात असताना, त्यांनी मला "हात" म्हणजे काय ते सांगितलं होतं. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तेच अक्षर, तेच डॉट, तेच डॅश, पण एकाचा डॅश जरा लांबतो, दुसरा एखाद्या अक्षराआधी किंचित अडखळतो, तिसरा पहाटे दमला की घाई करतो. मजकूर सांकेतिक असतो, त्यातलं अक्षर कळत नाही, पण हात कळतो. आणि ओळखीचा हात आज वेगळ्या दिशेकडून ऐकू यायला लागला तर याचा अर्थ ती तुकडी हलली. एवढीच बातमी, पण केवढी मोठी! एका माणसाला ते असं कित्येक वर्षं ओळखत होते, चेहरा नाही, नाव नाही, फक्त हात. "मग एक दिवस तो थांबला," काका म्हणाले होते, "बदली झाली, रिटायर झाला की मेला, कळलं नाही." त्या परक्या माणसाबद्दल सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतंय, आणि तरीही मी तो जोक वर्षानुवर्षं सांगत राहिले, याचं मला आता नवल वाटतं.

त्या रात्रीनंतर मी वाचत सुटले. आधी स्वतःचं खरं करायला, म्हणजे जोकमध्ये काहीतरी तथ्य आहेच हे बघायला, आणि सुरुवातीला मिळत पण गेलं. पर्ल हार्बरचं, म्हणजे हवाईतल्या अमेरिकी नौदल तळावर जपाननं अचानक केलेल्या हल्ल्याचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण त्यातली मला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे ओपाना नावाच्या टेकाडावरचं रडार. ७ डिसेंबर १९४१, रविवार सकाळ. लॉकार्ड आणि इलियट, दोघं साधे शिपाई. ड्यूटी सात वाजता संपली होती, त्यांना न्यायला येणारा ट्रक आला नव्हता, आणि इलियटला मशीन शिकायचं होतं म्हणून सेट चालू ठेवला. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढा मोठा ठिपका आला की लॉकार्डला आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. उत्तरेकडून, १३० मैलांहून जास्त लांब. त्यांनी फोन केला. पलीकडे टायलर नावाचा तरुण लेफ्टनंट होता, त्या कामावर अगदीच नवा, आणि त्या सकाळी अमेरिकेतून स्वतःची बी-१७ विमानं यायची आहेत असा त्याचा अंदाज होता, आणि ती खरंच येत होती. तो म्हणाला काळजी करू नका. तासाभरात बॉम्ब पडायला लागले. २,४०३ माणसं गेली.

हे वाचून पहिल्यांदा मला टायलरचा राग आला. मग दोन-तीन दिवसांनी तो राग टिकेना. त्याच्याकडे जी माहिती होती त्यात त्याचं उत्तर वेडेपणाचं नव्हतं. फोनवर त्याला विमानं साधारण किती असावीत हे सांगितलंच गेलं नाही, त्यानंही विचारलं नाही. एका बाजूला ठिपका दिसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला आपली विमानं येणार हे माहीत असलेला माणूस, आणि मधे फोनची एक तार. बातमी पूर्ण होती, दोन अर्ध्यांत वाटलेली. मूर्ख मला यातलं कुणीच दिसेना. जोक म्हणतो की लष्करातले लोक अकलेनं कमी असतात, आणि इथे तर दोन पोरं ड्यूटी संपल्यावर शिकण्यासाठी थांबली होती.

पण खरी अडकले मी १९७३ मध्ये. इस्रायलची लष्करी गुप्तवार्ता संस्था तेव्हा जगात नावाजलेली, सगळी हुशार माणसं. त्यांच्याकडे एक सिद्धांत होता, हिब्रूत त्याला कोन्सेप्त्सिया म्हणतात, आणि तो असा की इजिप्तला जोपर्यंत लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं किंवा क्षेपणास्त्रं मिळत नाहीत तोपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया एकटा करणार नाही. हा सिद्धांत कुणी स्वप्नात रचलेला नव्हता, आतल्या गोटातून मिळालेल्या चांगल्या माहितीवर उभा होता. फक्त इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी मधल्या काळात विचार बदलला आणि सिद्धांत बदलला नाही. सप्टेंबरच्या शेवटी जॉर्डनचा राजा हुसेन स्वतः इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयरना भेटून सावध करून गेला. सुवेझ कालव्याच्या काठावर इजिप्तचं सैन्य जमलं, त्याला युद्धसराव म्हटलं गेलं. १ आणि ३ ऑक्टोबरला दक्षिण विभागातल्या सिमान-तोव नावाच्या एका लेफ्टनंटनं दोन टिपणं लिहिली, की हा सराव नाही, सरावाच्या आडून युद्धाची तयारी चाललीय. त्याच्या वरच्यानं ती पुढे पाठवलीच नाहीत, मुख्यालयाच्या मताशी जुळत नव्हती म्हणून. मग रशियन सल्लागारांची बायकामुलं इजिप्त आणि सीरियातून घाईघाईनं परत जायला लागली. कुणी आपली मुलंबाळं अशी रातोरात हलवतं का उगाच? ५ तारखेच्या रात्री लंडनमधे इस्रायलच्या सगळ्यात मोठ्या खबऱ्यानं सांगितलं, उद्या. आणि ६ ऑक्टोबरला दुपारी दोनच्या सुमाराला युद्ध सुरू झालं. इस्रायलचे अडीच हजारांहून जास्त सैनिक त्यात गेले, समोरच्या बाजूचे त्याहून कितीतरी पट.

आणि याच गोष्टीत मे महिना आहे, तो मला जास्त छळतो. त्याच वर्षी मे महिन्यात पण इजिप्त हल्ला करणार अशी हवा झाली होती. सरसेनापती एलाझारनी तयारी केली, राखीव माणसं बोलावली, खर्च झाला, आणि काहीच झालं नाही. गुप्तवार्ता प्रमुख झेइरा तेव्हाही म्हणत होते की युद्धाची शक्यता कमी आहे. मे महिन्यात ते बरोबर ठरले. म्हणजे ऑक्टोबरमधे त्यांच्यामागे फक्त सिद्धांत नव्हता, एकदा बरोबर ठरल्याचा अनुभव पण होता. बरोबर ठरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा शंका घ्यायला लावणं किती अवघड असतं, हे कळायला मला इस्रायलपर्यंत जायची गरज नव्हती.

आमच्या घरात पण एक मे महिना झाला होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका रात्री दोन वाजता काकांचा फोन आला की तुझ्या बाबांच्या छातीत दुखतंय, मी त्यांना हॉस्पिटलला घेऊन चाललोय. आई तेव्हा बहिणीकडे गेली होती आणि बाबा काकांकडे मुक्कामाला होते. आम्ही सगळे धावलो. भाऊ मिळेल त्या विमानानं आला. सगळ्या टेस्ट झाल्या आणि सकाळी डॉक्टर म्हणाले की हृदय ठणठणीत आहे, छातीचा स्नायू आखडलाय. सुटकेनं आम्ही सगळे खूप हसलो, आणि त्या हसण्यातून "काकांचा अलार्म" हा शब्द आमच्या घरात राहिला. कुणी उगाच घाबरवलं की आम्ही म्हणायचो, काकांचा अलार्म. त्यांच्या समोर पण म्हणायचो. ते हसायचे.

त्यानंतर साधारण वर्ष-दीड वर्षानं ते एकदा मला एकटीला गाठून म्हणाले, "बाबांना एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवून घे." मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "दर रविवारी बुद्धिबळ खेळतो ना आम्ही. त्याचं काहीतरी होतंय." काहीतरी म्हणजे? तर म्हणाले, "घोडा." त्यांना नीट सांगता येईना किंवा मला नीट ऐकायचं नव्हतं, मला वाटतं दुसरंच खरं. मी म्हणाले काका, वय झालंय हो, लक्ष नाही राहत. आणि माझ्याकडे पण एक सिद्धांत होताच की. बाबांनी जन्मभर गणित शिकवलं, दोन अंकी संख्यांचे गुणाकार ते बोलता बोलता तोंडी करतात, आणि जोपर्यंत ते गुणाकार बरोबर येतायत तोपर्यंत बाबांच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी तर मुद्दाम विचारून बघितलं त्या आठवड्यात, सत्तेचाळीस गुणिले अडतीस. क्षणात उत्तर आलं, सतराशे शहाऐंशी. मी निर्धास्त झाले. जी एक खूण तपासायची असं मी ठरवून टाकलं होतं ती शेवटपर्यंत शाबूत होती, आणि बाकी सगळं तिच्या मागून ढासळत होतं.

नंतर, डॉक्टरांकडून आल्यावर, आम्ही भावंडं आणि आई एका खोलीत बसलो तेव्हा एकेकानं सांगायला सुरुवात केली. आईला माहीत होतं की ते रात्री उठून दाराची कडी तीन-तीनदा बघतात. भावाकडे बँकेतून सही जुळत नाही म्हणून दोनदा चेक परत आला होता. बहिणीला फोनवर ते मधेच गप्प होतात हे जाणवलं होतं, तिला वाटलं रेंज जातेय. मला माहीत होतं की लिफ्टमधे ते चुकीच्या मजल्याचं बटण दाबतात. चौघांकडे चार चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकाकडे आपापल्या चिठ्ठीसाठी एक शहाणं कारण तयार होतं, आणि चारही चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवायचं काम कुणाचंच नव्हतं. चौदा महिने असे गेले. या आजाराच्या औषधानं माणूस बरा होत नाही हे मला माहीत आहे, पण थोडा काळ हातात मिळतो, आणि तो थोडा काळ बाबांचा होता, माझा नव्हता.

हे सगळं झाल्यावरही मी तो जोक सांगत होते. त्या दिवशी बाबा त्याच खोलीत होते आणि काकाही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

काकांना मी मधे एकदा फोनवर विचारलं, की तुमचं ऐकलं जायचं का हो वर? ते बराच वेळ गप्प होते. मग कुठे, कधी, काहीही न सांगता त्यांनी एवढंच सांगितलं की एकदा त्यांनी लिहिलं, "हलले आहेत." ते एक पायरी वर गेलं तेव्हा झालं, "हलले असावेत." त्याच्या वर, "हालचालीची शक्यता." आणि अगदी वर पोचलं तेव्हा, "हालचालीची शक्यता नाकारता येत नाही, तथापि परिस्थिती सर्वसाधारण आहे." यात खोटं कुणी बोललं नाही, काका म्हणाले. प्रत्येकानं फक्त आपण उद्या पकडले जाणार नाही एवढा एक शब्द बदलला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट म्हणाले, वरच्याकडे माझ्यासारखे पन्नास कागद येतात, त्यातले चाळीस एकमेकांच्या उलट असतात, आणि त्याला सकाळी सहाला सांगायचं असतं की माणसं इकडे पाठवायची का तिकडे. तो शंका घेत बसला तर पोरं मरतात आणि त्यानं शंका घेतली नाही तरी मरतात.

व्याघात कुठे असेल तर तो इथे आहे असं मला वाटतं. समजून घेण्याची सुरुवात शंकेपासून होते आणि हुकूम हा शंकेच्या शेवटापासून सुरू होतो. ज्या संस्थेत खालच्यानं वरच्याला सर म्हणून पायावर पाय आपटायचा असतो, त्याच संस्थेत एका लेफ्टनंटनं त्याच वरच्याला सांगायचं असतं की तुमचा सिद्धांत चुकलाय. हे अशक्य नाही पण फार महाग आहे. रशियात तर जीवच द्यावा लागला, लष्करी गुप्तवार्तेचा प्रमुख प्रोस्कुरोव स्टालिनशी तोंडावर वाद घालायचा, त्याला १९४० मधे काढलं आणि १९४१ च्या ऑक्टोबरात गोळी घातली. त्याच्या जागी आलेल्या गोलिकोवनं मार्च १९४१ मधे लिहून दिलं की त्या वसंतात जर्मनी हल्ला करणार या बातम्या म्हणजे ब्रिटिशांनी किंवा कदाचित जर्मनांनीच पसरवलेली अफवा समजावी. स्टालिनला हवं ते. जून उजाडला आणि लाखोंनी जर्मन सैन्य आत आलं. इस्रायलनं १९७३ नंतर यावर एक उपाय काढला तो मला मनापासून आवडतो, त्यांनी गुप्तवार्ता विभागातच एक छोटा गट बसवला, ज्याचं काम म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं की उलट बाजू मांडणं. त्याचं नावसुद्धा जुन्या धर्मचर्चेतलं, "उलटंच खरं दिसतं" अशा अर्थाचं. म्हणजे शंका घेणाऱ्याला पगार, खुर्ची आणि संरक्षण.

आणि जिथे जमलं तिथे काय जमलं हे पण बघायला हवं, नाहीतर मी पुन्हा जोकच सांगतेय. पर्ल हार्बरनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच पर्ल हार्बरच्या एका तळघरात रॉशफोर्ट नावाचा नौदल अधिकारी सपाता घालून, युनिफॉर्मवर घरचा कोट चढवून दिवसरात्र जपानी संदेश फोडत बसलेला असायचा. जपान "एएफ" नावाच्या जागेवर हल्ला करणार एवढं कळलं होतं, पण एएफ म्हणजे कुठे? वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांचं मत वेगळं. मग मिडवे बेटावरच्यांना सांगितलं की उघड्या संदेशात कळवा, आमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय. थोड्याच वेळात जपानी संदेशात आलं की एएफला पाण्याची टंचाई आहे. अॅडमिरल निमित्झनं त्याच्यावर विश्वास टाकला आणि ४ जून १९४२ ला सुरू झालेल्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडवल्या. रॉशफोर्टला मात्र वर्ष संपायच्या आत तिथून हलवलं, मोठं पदक नाकारलं, ते मिळालं १९८५ मधे, तो जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. मिडवे म्हटलं की मला त्या नौका नाही, त्या सपाता दिसतात.

आणखी एक गोष्ट मला काकांच्या "हाता"ची आठवण करून देते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतंय याचा नेहमीच्या हेरगिरीतून आलेला अंदाज होता, जून १९४० साठी, १,०००. दुसरीकडे काही संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे छापील क्रमांक बघून गणित मांडलं, उत्तर आलं १६९. युद्ध संपल्यावर जर्मन कागद मिळाले, खरा आकडा १२२. बाबांना हे सांगायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वीचे बाबा असते तर त्यांनी लगेच कागद ओढून ते गणित मला समजावून सांगितलं असतं.

बहिर्जी नाईकांची आठवण आपल्याला येणारच, त्याशिवाय मराठी माणसाला हेर हा शब्द पुराच होत नाही. पण मला त्यात वेषांतरापेक्षा दुसरंच दिसायला लागलंय. बहिर्जी सुरतेची पाळत घेऊन आले आणि १६६४ च्या जानेवारीत महाराज स्वतः निघाले. बातमी आणणारा आणि तिच्यावर जीव टाकणारा, यांच्यामधे शब्द बदलायला कुणी नाहीच. कारगिलची पहिली खबर देणारा ताशी नामग्यालसुद्धा हरवलेला याक शोधत दुर्बिणीतून डोंगर बघत होता, आणि ३ मे १९९९ ला त्यानं जे पाहिलं ते सरळ जाऊन जवानांना सांगितलं. रोज तोच डोंगर बघणाऱ्या माणसाला त्यात नवीन काय आहे ते दिसतं. दर रविवारी समोर बसणाऱ्यालाही.

मागच्या आठवड्यात मी काकांकडे गेले. त्यांच्या डावीकडे बसले. म्हणाले, "जमला का?" मी म्हणाले, नाही जमत काका, मराठीत होतच नाही तो जोक. त्यांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला, आणि मी जे बोलायला गेले होते ते माझ्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले की तुम्ही तेव्हा घोडा म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. ते उठून आत गेले आणि जाडजूड वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आले. त्यांचा आणि बाबांचा प्रत्येक डाव त्यात लिहिलेला. तारीख, वेळ, प्रत्येक खेळी, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड नाही, रात्रपाळीत लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर. त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर धरली. बाबांच्या घोड्याची एक खेळी आणि तिच्या शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. मी तारीख बघितली. मग पुन्हा बघितली. मला सांगितलं त्याच्या आठ महिने आधीची होती.

"आठ महिने?" मी विचारलं.

"आधी एकदा चुकलो होतो ना मी," ते म्हणाले. "हॉस्पिटलच्या वेळी. या वेळी खात्री करून घ्यायची होती." आणि मग, बऱ्याच वेळानं, "रिपोर्ट मीच उशिरा दिला, बाळा."

काकांचा अलार्म हा शब्द कुणी काढला होता ते मला आठवतं. मीच काढला होता.

मला काही बोलता येईना म्हणून मी वह्या चाळत राहिले. पुढे पुढे पेन्सिलीची प्रश्नचिन्हं वाढत जातात, एका डावात तीन, एकात सात, आणि मग एका रविवारपासून ती एकदम थांबतात. मी विचारलं इथून पुढे का नाहीत? म्हणाले, "मग कशाला." शेवटच्या पानावर परवाच्या रविवारचा डाव होता. त्यात घोडा सरळ चार घरं गेलेला, उंट हत्तीसारखा चाललेला, एक प्यादं तर मागे आलेलं, आणि हे सगळं त्याच बारीक स्वच्छ अक्षरात, तारीख, वेळ, खेळी. मी गेल्या रविवारी दारातून बघितलं होतं त्यांना खेळताना. बाबा घोडा उचलतात, कुठेतरी ठेवतात, आणि काकांच्या तोंडाकडे बघतात. काका पटाकडे खूप वेळ बघतात, खरंच विचार करतात, डावा हात कपाळाला लावून. मग आपली खेळी करतात. मग पेन उचलून दोन्ही लिहून ठेवतात.